किटलीत पडलेलं डेन्व्हर

रोहर्सबर्ग गावात हार्वी किसलरला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. मोज्यांची गिरणी बंद पडली तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत कामावर राहिलेल्या मोजक्या मेकॅनिकांपैकी तो एक, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे त्याच्या अल्बममधली रिकामी खोबण.

खोबणीचं आधी सांगायला हवं, नाहीतर त्या डिसेंबरात हार्वीच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही. अडीच डॉलरची जुनी सोन्याची नाणी असतात, अंगठ्याच्या नखाएवढी. एका बाजूला पिसांचा टोप घातलेला अमेरिकेतला इंडियन आदिवासी सरदार, दुसऱ्या बाजूला गरुड. या जातीची सगळी मिळून पंधरा नाणी. त्यातली चौदा कुणीही पोटाला चिमटा काढून हळूहळू जमवावीत अशी. पंधरावं १९११ सालचं, डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेलं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं पाडलेली नाणी हवी तितकी मिळतात. डेन्व्हरनं मात्र हात आखडता घेतला. दोन्हींत फरक एवढाच, की डेन्व्हरच्या नाण्यावर गरुडाच्या पायाखालच्या बाणांपाशी 'डी' हे एक अक्षर असतं, तिळापेक्षाही लहान. साध्या नाण्याला सोन्याचा भाव मिळतो. ते अक्षर असलं की जमलेली माणसं खुर्च्या पुढे सरकवतात.

हार्वीला पहिलं नाणं आजीनं दिलं होतं. तिच्या काळी नाताळला नातवंडांच्या मोज्यात असं नाणं टाकायची रीत होती, आणि सरकारनं लोकांकडचं सोनं परत मागवलं तेव्हा म्हातारीनं हे एक पिठाच्या डब्यात दडवून ठेवलं होतं. तिथून त्याला नाद लागला. चौदा नाणी पन्नाशीच्या आत जमली. निळ्या पुठ्ठ्याच्या अल्बममधल्या चौदा खोबणी भरल्या आणि एक तशीच राहिली. फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहात, दर महिन्याला नाणेवाल्यांचा क्लब भरायचा. क्लबचा अध्यक्ष एलवुड फेन्स्टरमाकर, गावातल्या एकुलत्या एका नाण्यांच्या दुकानाचा मालक. हार्वी दारातून आत आला की त्याचा प्रश्न ठरलेला.

"काय रे हार्वी, खोबण काय म्हणते? भाड्यानं देतोस का?"

हार्वी हसायचा. घरी आल्यावर मात्र जेवताना दोनदा तरी खोबणीचा विषय काढायचा. शेवटी त्याची बायको व्हर्ना वैतागली. तिच्याकडे तिच्या आईचा पायानं भाता मारून वाजवायचा ऑर्गन होता. रविवारी दुपारी ती त्यावर भजनं वाजवायची, आणि त्या वेळी फोन आला तरी उचलायची नाही. एका वसंतात लँकेस्टरचा एक हॉटेलवाला जुन्या वस्तू बघत फिरत होता. व्हर्नानं त्याला तो ऑर्गन विकून टाकला आणि एलवुडच्या दुकानात जाऊन पैसे काउंटरवर ठेवले.

"याला ते डेन्व्हर आणून दे," ती म्हणाली. "त्या खोबणीचं तुणतुणं ऐकून माझे कान किटलेत. या घरात आता खोबण तरी राहील नाहीतर मी तरी."

हार्वी रडला होता त्या दिवशी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गालिच्यावर ऑर्गनच्या पायांचे चार खड्डे राहिले ते राहिलेच. व्हर्नानं तिथं कुंडी ठेवली. एलवुडनं तर ही हकिकत जेवणावळीत, लग्नात, मयतीला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा सांगितली. बायको असावी तर अशी, असं सगळा क्लब म्हणायला लागला.

पण खोबण काही भरली नाही. कारण ते नाणं आलं ते प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत. हल्ली मोठ्या कंपन्या नाणी तपासतात, नाणं खरं आहे आणि अमुक दर्जाचं आहे अशी चिठ्ठी आत घालतात आणि डबी कायमची बंद करतात. नाण्याइतकाच मान त्या डबीला. डबी फोडली की चिठ्ठीला अर्थ उरत नाही आणि नाणं पुन्हा दहा लोकांच्या शंकेला मोकळं होतं. हे क्लबातल्या कालच्या पोरालाही ठाऊक. पण डबी केवढी आणि खोबण केवढी! चौदा नाणी अल्बममध्ये आणि पंधरावं बाजूला प्लॅस्टिकात, हे हार्वीला बघवेना. दोन हिवाळे त्यानं कळ काढली. तिसऱ्या हिवाळ्यात, नाताळाला थोडे दिवस असताना, दुपारचं जेवण व्हायच्या आत तो तळघरातल्या कामाच्या टेबलाशी गेला, डबी शिकंज्यात धरली आणि पक्कड उचलली.

नवशिक्याच्या हातून असली चूक व्हायचीच नाही, कारण तो डबीला घाबरून असतो. त्यासाठी जन्मभर नाण्यांत बुडालेला माणूसच लागतो.

आता हार्वीची तिसरी गोष्ट, जी गावात कुणालाच ठाऊक नव्हती. दर डिसेंबरात आमच्या सुपरमार्केटच्या दारात एक धर्मादाय संस्था दानासाठी लाल किटली टांगते. शेजारी कुणीतरी घंटा वाजवत उभं असतं आणि येणारे-जाणारे फटीतून नाणी-नोटा टाकतात. कित्येक वर्षं त्या किटलीत डॉलरच्या नोटेत गुंडाळलेलं एक सोन्याचं नाणं सापडायचं. नोट एवढ्यासाठी, की पडताना आवाज होऊ नये. कोण टाकतं ते कळत नव्हतं. गावच्या पेपरात दर वर्षी बातमी यायची आणि सलूनमध्ये पैजा लागायच्या. कुणी डॉक्टरचं नाव घ्यायचं, कुणी ट्रॅक्टर विकणाऱ्या म्हाताऱ्याचं. हार्वीचं नाव कुणी घेतलं नाही. गिरणीच्या पेन्शनवर जगणारा माणूस सोनं कशाला टाकेल?

तर हार्वीच टाकत होता. तो लहान असताना मंदीच्या एका हिवाळ्यात त्याच्या बापाचं काम गेलं होतं, आणि त्याच संस्थेचा एक माणूस दारात कोळशाचं पोतं आणि खाण्याची टोपली ठेवून नावगाव न विचारता निघून गेला होता. बापानं पोरांना बजावलं, या कोळशाबद्दल घराबाहेर कुणाशी बोलायचं नाही. हार्वी इतका आज्ञाधारक की पुढं स्वतःच्या घरातही बोलला नाही. व्हर्नालासुद्धा नाही.

किटलीत तो काय टाकायचा, तेही सांगितलं पाहिजे. अल्बममधल्या एखाद्या नाण्यापेक्षा सरस नाणं हाती लागलं की तो जुनं काढून नवं बसवायचा, आणि जुनं तंबाखूच्या एका डबड्यात जायचं. दर वर्षी त्या डबड्यातलं एक किटलीत. म्हणजे दान सोन्याचं, पण अंगावरून उतरवलेलं. हार्वीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि खरं म्हणजे वावगं नव्हतंही.

त्या वर्षी डबड्यातून १९११चं साधं नाणं निघालं. ते टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवून त्यानं पक्कड दाबली. काडकन आवाज झाला, प्लॅस्टिकचा तुकडा उडून भिंतीवर आदळला आणि डेन्व्हर सुटून त्याच कापडावर पडलं. हार्वीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरनं दोनदा ऑपरेशनची तारीख दिली होती आणि त्यानं दोनदा टाळली होती. तेवढ्यात वरून हाक आली.

"हार्वी! केशर संपलंय! पॉट पायमध्ये केशर नसेल तर तू जेवणार नाहीस आणि मला ऐकवत बसशील. जातोस का दुकानात?"

"आलो, आलो!"

डबी फोडल्याची चोरी मनात होतीच. त्यानं गडबडीनं एक नाणं डॉलरच्या नोटेत गुंडाळून खिशात टाकलं, दुसरं अल्बमच्या रिकाम्या खोबणीत अंगठ्यानं दाबून बसवलं, प्लॅस्टिकचे तुकडे कागदी पिशवीत कोंबले आणि कोट चढवला. सुपरमार्केटच्या दारात संस्थेची लॉरेन घंटा वाजवत होती. ती दोन बायकांशी बोलत असताना त्यानं नोट फटीतून सोडली. केशर घेऊन घरी आला आणि दोन वाडगे पॉट पाय, म्हणजे केशर घातलेला कोंबडीचा दाट रस्सा, खाल्ला. खोबण भरली होती. इतकं सुखाचं जेवण त्यानं कित्येक वर्षांत केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नुसतं डोळे भरून बघावं म्हणून, त्यानं दिव्याखाली अल्बम उघडला आणि भिंग लावलं. इंडियन बघितला, साल बघितलं. मग नाणं काढून उलटं केलं. गरुड होता, बाण होते. बाणांपाशी काहीच नव्हतं.

त्यानं भिंग पुसलं. उजवा डोळा लावला. दिवा आडवा धरला, उभा धरला. काही नाण्यांवर ते अक्षर इतकं पुसट उमटलेलं असतं की नुसता फुगवटा दिसतो. तसलंच असेल, तसलंच असेल, असं तो पुटपुटत राहिला. पण त्याच्या नाण्यावरचं अक्षर ठसठशीत होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो रंगाच्या डब्यावर बसला, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं, की व्हर्नाचा ऑर्गन त्यानं किटलीत टाकला.

कोट चढवून तो सुपरमार्केटशी गेला. लॉरेन उभी होती, किटली टांगलेली होती, किटलीला कुलूप होतं. त्यानं वाकून फटीतून आत बघितलं.

"काय हो किसलर, काही पडलं का तुमचं?" लॉरेननं घंटा थांबवून विचारलं.

"नाही, नाही. बघत होतो, किती भरलीय ते."

"का? पळवायची आहे?" ती खदाखदा हसली. "आज सकाळीच बदलली. कालची भरलेली ऑफिसात गेली मोजायला."

येणारे-जाणारे बघायला लागले. हार्वी आत शिरला आणि काहीतरी घ्यायचं म्हणून पुन्हा केशर घेऊन आला.

"कालच आणलंस की," व्हर्ना म्हणाली.

"असू दे. लागतं."

व्हर्नानं पुडी कपाटात ठेवली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

संस्थेच्या ऑफिसात जाऊन सरळ सांगितलं असतं, तर तिथली माणसं देव होती, त्यांनी दिलंही असतं. पण सांगायचं काय? की दर वर्षीचा तो मीच, आणि यंदा चुकून जरा बरं टाकलं, तेवढं परत द्या, त्याऐवजी हलकं घ्या? हे वाक्य त्यानं गाडीत बसून म्हणून बघितलं. एकट्यानं म्हणतानाही त्याचे कान तापले. आणि ऑफिसात पैसे मोजणाऱ्या बाईची बहीण व्हर्नाच्याच चर्चमध्ये. तास-दोन तासांत बातमी घरी आली असती.

शनिवारी पेपरात आलं. यंदाही गुप्त दात्याचं सोन्याचं नाणं, साल १९११. तेवढंच. अक्षराचा उल्लेख नाही. हार्वीच्या जिवात जीव आला. कुणाच्या लक्षात आलं नसेल तर? मग त्याला आठवलं, की किटलीतलं सोनं दर वर्षी एलवुडकडेच जातं तपासायला. एलवुडच्या नजरेतून ते अक्षर सुटणं शक्य नव्हतं.

सोमवारी तो खिशात साधं १९११ घेऊन एलवुडच्या दुकानात गेला. ते कशासाठी घेतलंय, याचा त्यानं स्वतःशीसुद्धा उच्चार केला नव्हता.

"ये, ये!" एलवुड काउंटरमागून ओरडला. "तुझीच आठवण काढली. हे बघ काय आलंय किटलीत. बस आधी, नाहीतर पडशील."

त्यानं मखमलीच्या तबकडीवर नाणं ठेवलं. हार्वीला भिंगाची गरज नव्हती. कडेवरचा एक बारीक चरा त्याच्या ओळखीचा होता.

"डेन्व्हर," हार्वी म्हणाला.

"डेन्व्हर! आणि उघडं, नोटेत गुंडाळलेलं! चिल्लरीबरोबर! मला तर काल जेवण गेलं नाही." एलवुडनं टोपी काढून टक्कल खाजवलं. "एक सांगू का, हार्वी? मी कित्येक वर्षं ही किटलीतली नाणी बघतोय. मनात म्हणायचो, हा जो कोणी आहे तो लेकाचा डबड्यातला गाळ टाकतो. चांगलं स्वतःला आणि उरलंसुरलं गरिबाला. थट्टा करायचो मी त्याची. आणि यंदा त्यानं हे टाकलं. घरातलं सगळ्यात चांगलं असणार हे. लाज वाटली मला, खरं सांगतो."

हार्वी तबकडीच्या मखमलीचा काठ बोटानं सरळ करत राहिला.

"थांब, कॉफी आणतो," असं म्हणून एलवुड पाठ फिरवून मागच्या खोलीत गेला.

तबकडी हार्वीच्या हाताशी होती. खिशातलं नाणं बोटात होतं. आकार तोच, साल तेच. बदलायला एक श्वास पुरला असता. ते त्याचंच होतं, व्हर्नाचं होतं, मग ही चोरी कशी? पण एलवुडनं ते अक्षर बघितलेलं होतं. मग नाणं गेलं म्हणून बोंब झाली असती, आणि संशय कदाचित त्या ऑफिसातल्या बाईवर गेला असता. हे सगळं त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी त्याचा हात खिशातून बाहेरच आला नाही. मागून कपांचा आवाज येत राहिला.

"लिलाव करणार आहोत," एलवुड कॉफी ठेवत म्हणाला. "क्लबच्या जानेवारीच्या जेवणात. पैसे सगळे संस्थेच्या बेघर-निवाऱ्याला, इमारत उबदार ठेवायची नवी भट्टी घ्यायला. तिथली जुनी बंद पडलीय, माणसं कोट घालून झोपतात. फिलाडेल्फियाचा एक व्यापारी पण येतोय. आणि तू तुझा अल्बम आणि ती डबी आण रे. व्हर्नाचं डेन्व्हर आणि किटलीचं डेन्व्हर, दोन्ही शेजारी शेजारी मांडू. एका गावात दोन, असं कधी झालंय?"

झालं. आता तर पळायलाही वाट नव्हती.

नाताळ आला आणि गेला. हार्वीला अन्न गोड लागेना. लाल बीटच्या रसात मुरवलेली अंडी, ज्यांवर तो एरवी तुटून पडायचा, ती ताटात तशीच राहायची. सांगून टाकू असं त्यानं किती वेळा ठरवलं.

"व्हर्ना..."

"काय?"

"मीठ दे जरा."

व्हर्ना मीठ द्यायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. तिचं ते बघणं त्याला सोसेना. ती कुंडीला पाणी घालायला कोपऱ्यात गेली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. तिनं ज्या आनंदानं, ज्या फणकाऱ्यानं तो ऑर्गन विकला होता, ते आठवलं की त्याला स्वतःचे हात तोडावेसे वाटायचे. ती रागावेल याची भीती नव्हतीच. ती रागावणार नाही, नुसती गप्प होईल, याची होती.

जेवणाच्या दिवशी त्यानं सर्दीचं निमित्त केलं.

"शिंक बघू," व्हर्ना म्हणाली.

"शिंक अशी कशी येईल?"

"मग चल. मी काकवीचे शू-फ्लाय पाय केलेत दोन. ते कोण उचलणार?"

फायर हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. सगळा क्लब बायका-पोरांसकट आला होता. एलवुडनं दारातच गाठलं.

"अल्बम?"

"विसरलो," हार्वी म्हणाला.

"विसरलास? हा बघा, पंधरा वर्षं रिकामी खोबण दाखवत फिरला, आणि नाणं मिळाल्यावर विसरला!" लोक हसले. हार्वीही हसला. आपण हसतोय की दुसरंच काही करतोय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

जेवणं झाल्यावर लिलाव सुरू झाला. फिलाडेल्फियाचा व्यापारी पुढच्या रांगेत होता, करड्या कोटातला, अबोल. एलवुडनं नाणं उंच धरलं, दात्याचं कौतुक केलं, आणि तो माणूस या खोलीत असेल तर त्यानं ऐकावं, असं म्हणून घसा खाकरला. हार्वीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. हात वर केला तर प्रश्न येणार, दुसरं कशाला हवंय तुला? नाही केला तर ते त्याच्या डोळ्यांदेखत फिलाडेल्फियाला जाणार. बोली चढत होती. दोन-चार गाववाले गळाले. करड्या कोटवाल्यानं बोट हलवलं.

"आणखी कुणी?" एलवुड म्हणाला. "एक वार..."

हार्वीच्या शेजारी हात वर झाला. व्हर्नाचा.

हॉलमध्ये हशा पिकला. "ए व्हर्ना," एलवुड म्हणाला, "हावरटपणा पुरे! तुमच्याकडे एक आहेच की."

"होतं," व्हर्ना म्हणाली.

हशा आधी पुढच्या टेबलावर थांबला, मग मागच्या. एलवुडनं हातातल्या नाण्याकडे बघितलं, मग व्हर्नाकडे, मग हार्वीकडे. त्याचं तोंड उघडंच राहिलं. लॉरेन मागच्या बाजूला बसली होती, तिनं "अगं बाई" म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं. हार्वीला जमीन दुभंगावी असं वाटलं. इतकी वर्षं राखलेलं एका शब्दात उघडं पडलं होतं आणि सगळा हॉल त्याच्या लाल झालेल्या मानेकडे बघत होता.

करड्या कोटवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं पुन्हा बोट हलवलं. व्हर्नानं पुन्हा हात वर केला. बोली त्यांच्या ऐपतीच्या पार पुढं गेली होती. घरातलं डबडं रिकामं केलं असतं, अल्बम विकला असता, तरी पुरलं नसतं. हार्वीनं मांडीखालून हात काढला आणि तिचं मनगट धरून खाली आणलं.

"नको, व्हर्ना."

"माझा ऑर्गन आहे तो, हार्वी," ती हळू आवाजात म्हणाली.

"माहीत आहे. पण ते आता त्यांचं आहे. भट्टीचं."

तिनं हात सोडवून घेतला नाही. एलवुडनं तीन वेळा पुकारलं, नेहमीपेक्षा बरंच सावकाश, आणि नाणं फिलाडेल्फियाला गेलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हार्वीला त्या ऐकवेनात. पायच्या रिकाम्या थाळ्या उचलून तो बाहेर पार्किंगमध्ये आला.

गाडी व्हर्नानं घेतली. गाव मागं पडलं.

"तुला कसं कळलं?" शेवटी त्यानं विचारलं.

"कचरा कोण टाकतं घरात? पिशवीत प्लॅस्टिकचे तुकडे आणि ती चिठ्ठी. म्हटलं, फोडलीच शेवटी. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा केशर घेऊन आलास. मग शनिवारी पेपरात साल वाचलं, १९११." तिनं गिअर बदलला. "तेव्हापासून वाट बघतेय. आज सांगेल, उद्या सांगेल. नाताळच्या दिवशी वाटलं, आता नक्की सांगतोस. तू मीठ मागितलंस."

"तुझा ऑर्गन होता गं. कुठल्या तोंडानं सांगणार?"

"ऑर्गनचं सोड. तो मी विकला, माझ्या मर्जीनं. पण ती किटली? इतकी वर्षं?"

हार्वीनं मग तिला कोळशाच्या पोत्याचं सांगितलं, टोपलीचं, बापाच्या ताकिदीचं. सांगताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "कुणाला सांगायचं नाही, असा नियम होता," तो म्हणाला. "गावात कुणालाच नाही."

व्हर्नानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. काचेवर बर्फ भुरभुरत होतं, वायपर चालूच राहिले. ती रडत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला असं रडताना त्यानं तिच्या आईच्या मयतीला तेवढं बघितलं होतं.

"गावात कुणाला नाही, ते कळलं," ती म्हणाली. "पण मी काय गाव आहे, हार्वी?"